पोतं उठून पलीकडं जात नाही

अगं, तुझ्या घासाला आज कावळा शिवला नाही.

सकाळी पवनेच्या काठाला सगळे जमलो होतो. दिलीपनं डोकं भादरलं. गुरुजींनी पिंड मांडले आणि म्होरं तुझ्या आवडीचं पान वाढलं. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, चहाचा कपसुद्धा. कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या करंजावर ओळीनं बसले होते, अंग फुगवून, जसं काय दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला आलेत. खाली एकबी उतरंना.

दिलीप हात जोडून म्हणाला, "आई, आबांना मी संभाळीन. जेव आता." कावळा हलला नाही.

टाकव्याचा तुझा भाऊ पुढं झाला. "बाय, तुझ्या माघारी माहेर तुटू द्यायचो न्हाई. मंगलला दर दिवाळीला लुगडं माझ्याकडनं."

आपली सून मंगल रडत रडत म्हणाली, "आत्या, तुमच्या कोंबड्या मी इकायची न्हाई." तवा एक कावळा वरच्या फांदीवरनं खालच्या फांदीवर आला. मागनं कुणीतरी बोललं, "म्हातारीचा जीव कोंबड्यात व्हता म्हना की!" माणसं हसली. कावळा परत वर गेला.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. तुझा भाऊ कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, तुमी बोला. तुमच्यापाशी अडकलंय." मी तोंड उघडलं नाही. ऊन चढलं. ज्यांना कामावर जायचं होतं ते घड्याळ बघायला लागले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि म्हणाले, झालं. माणसं सुटल्यासारखी उठली.

झालं कसलं. तू कशाला खोळंबलीस ते तुला ठाऊक, मला ठाऊक. तू एक गोष्ट कबूल करून मागितली होतीस आणि मी ती केली नव्हती. माझ्या माघारी एकट्यानं पाण्यावर जायचं न्हाई, एवढंच तुझं म्हणणं. तिथं सगळे काय काय बोलले, त्यातलं निम्मं गाडीत बसेपर्यंत विसरले असतील. माझ्याच्यानं पिंडापुढं खोटं बोलवलं नाही. आणि खरं मला तवा सांगता येत नव्हतं.

तुझ्याशी तोंडानं भांडायची सवय, लिहायची नाही. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, चालवून घे. दमलोय मी. माणसं येतात, चहा पितात, "वाईट झालं" म्हणतात, जातात. कपबश्या तेवढ्या वाढतात. मी आपला मागच्या दारी येऊन होडीकडं बघत बसतो.

ती होडी आली तवा आपली पन्नाशी उलटली होती. आपलं जुनं गाव धरणात जाऊन जमाना झाला होता. काठावर तंबू लागले होते, तंबूवाल्यांची राखण मी करायचो आणि पिठलं-भाकरी तू. लोणावळ्याच्या साहेबांनी ती गाड्यावर घालून आणली. दोन लांब निमुळत्या होड्या, त्यांच्यात दोन आडव्या नळ्या, नळ्यांमधे बाजेसारखी ताणून बांधलेली जाळी आणि वर आपल्या घराच्या दुप्पट उंचीची डोलकाठी. समुद्राच्या वाळूवरनं ढकलायची ती वस्तू, साहेबांनी आपल्या गाळात आणली. तू कमरेवर हात ठेवून बघितलंस आणि म्हणालीस, "दोन व्हड्यांना जू टाकलंय व्हय? आन बैल कुटंय?"

साहेब म्हणाले, "बैल वर आहे, बाई. वारा."

साहेबांच्या जोडीदाराचे गुडघे गेले होते आणि त्यांना वजन पाहिजे होतं. मी पहिल्यापासनं काडी. साहेब चांगले घरचे, तोंडानं काही बोलले नाहीत, पण नजर तुझ्याकडं गेली. मीच म्हणालो, "सायेब, वजन पायजे तर हे बघा आमचं." तू हातातलं उलथनं माझ्या अंगावर फेकलंस. चुलीजवळच्या बाया दोन दिवस हसत होत्या. आणि तिसऱ्या दिवशी तूच लुगडं घट्ट खोचून होडीपाशी उभी. म्हणालीस, "दावा तरी काय करायचं आसतंय."

साहेबांनी दोघांनाबी शिकवलं. मी मागं सुकाणूवर आणि शिडाच्या दोरावर. तू होडीच्या काठावर. वारा शिडात भरला की वाऱ्याकडची होडी पाण्यातनं वर उठती. फार उठली की सगळं पालथं. म्हणून तिथं माणसानं उभं राहायचं, कमरेचा आकडा डोलकाठीवरनं आलेल्या तारेत अडकवायचा आणि पाण्यावर आडवं व्हायचं. पाय काठाला, पाठ पाण्याला, तोंड आभाळाला. साहेब हे सांगत होते तवा मला वाटलं तू आता घरी जाणार. तू तारेला हिसका देऊन बघितलास, बैलगाडीचा सोलदोर ताणून बघावा तसा, आणि म्हणालीस, "धरंल."

पहिल्यांदा ती खरी उठली ती दुपार मी विसरणार नाही. एक होडी हवेत, एक पाणी फाडत चाललेली, सुकाणू हातात थरथरतंय जसा शर्यतीतल्या बैलाचा कासरा. मला वाटलं आता आपला खेळ आटपला. आणि तू तारेवर आडवी, पाठीला पाण्याचे फटके बसतायत, आणि तू हसतीयस. लग्नाला तीस वर्षं झाली होती, तुला एवढ्या मोठ्यानं हसताना मी बघितलं नव्हतं. उतरल्यावर विचारलं, भ्या वाटलं का? म्हणालीस, "वाटलं की. म्हनून तर हासत व्हते."

वारं तुला आधी कळायचं. जन्मभर खळ्यावर भात वारवलं होतंस. तुंगाच्या डोंगराच्या अंगानं पाण्यावर काळा पट्टा पळत यायचा, तो मला दिसायच्या आत तू ओरडायचीस, "आलं बघा! दोर सोडा!" मी न सोडता उलटा ओढायचो. गडी माणूस. मग होडीचं नाक पाण्यात घुसायचं, मागचा भाग वर, आणि तू तारेवरनं माझ्या नावानं, म्हणजे नाव न घेता, माझ्या सात पिढ्या काढायचीस. संध्याकाळी वारा पडला की तीच होडी दावं तुटलेल्या म्हशीगत मधोमध उभी. मी हातानं पाणी मारत बसायचो आणि तू जाळीवर पाय पसरून मिसरी लावायचीस. म्हणायचीस, "ह्याच्या खाली आपली खाचरं. माझी आख्खी लावणी हितं खाली." आणि थुंकताना मात्र तोंड दुसरीकडं करायचीस.

नावाचं एक सांगतो, कारण ते भांडण अजून मिटलेलं नाही. साहेबांनी सांगितलं होतं, पाण्यावर एकमेकाला नावानंच हाक मारायची, वाऱ्यात बाकी काही ऐकू जात नाही. मी जन्मात तुला नावानं हाक मारली नव्हती. अगं, ए, दिलीपची आई, झालंच तर म्हशे. पण होडीवर मी पहिल्याच दिवशी ओरडलो, "हौसाऽ, मागं सरक!" तू सरकलीस, आणि नंतर काठाला येईपर्यंत माझ्याकडं बघितलं नाहीस. काठावर आलो की परत अगं. पाण्यावर हौसा, जमिनीवर अगं, अशी आपली रीत पडली. कुणी ठरवली नाही.

तू मात्र ऐकलं नाहीस. साहेब म्हणाले, "बाई, 'अहो' वाऱ्यात उडून जातं. नाव घ्या." तू म्हणालीस, "त्यापरास मला बुडू द्या." साहेबांनी हात टेकले. पुढं ते लेकीकडं परदेशात गेले, तिकडंच राहिले. जाताना होडी देऊन गेले. म्हणाले, "ही दोघांची." त्या होडीवर एकट्याचं कामच नाही.

ते मला कळायला पोतं लागलं.

त्या दिवशी तंबूतली पाव्हणी मंडळी काठावर बघत उभी होती आणि मी सगळ्यांच्या देखत ओरडलो होतो, "हल की म्हशे!" काठाला आलो. मग आकडा सोडलास, तरंगायचं जाकीट काढून माझ्या पायाशी टाकलंस. "माझं वजनच पायजे ना तुमाला? मग भाताचं पोतं न्या. ते बोलत बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी नेलं. कणगीशेजारचं इंद्रायणीचं अख्खं पोतं, खांद्यावर घालून. वाऱ्याकडच्या काठाला दोरानं आवळून बांधलं. आणि तुला सांगतो, जाताना झकास गेली होडी. पोतं हूं का चूं करंना. मी म्हणालो, बरंय की हे. तुझ्या दिशेला बघून हातबी हलवला. मग पलीकडं काठ आला, वळायची वेळ झाली. वळलो. शीड या अंगाचं त्या अंगाला गेलं, वारा दुसऱ्या बाजूनं भरला, आणि तवा माझ्या टाळक्यात उजेड पडला. वळल्यावर तू जाळीवरनं रांगत पलीकडं जायचीस. दर वेळी, मी न सांगता, शिव्या देत का होईना. पोतं उठून पलीकडं जात नाही. ते जिथं बांधलं तिथंच बसलं, आणि ज्या बाजूनं होडी बुडत होती त्याच बाजूला बसलं. दोर सोडेपर्यंत शीड पाण्यावर आडवं आणि मी पाण्यात.

एकट्यानं ती सरळ करायचा मी लय प्रयत्न केला. खालच्या होडीवर उभं राहून दोर ओढायचा, अंग मागं टाकायचं. मी लटकलो तरी डोलकाठी हातभर उठायची आणि परत पाण्यावर पडायची. माझ्यासारख्या काडीला ती दाद देईना. शेवटी दमून तिच्यावरच बसून राहिलो. मासे धरणाऱ्याच्या होडीतनं तू आलीस. पदर खोचलेला, तोंड लाल. मला वाटलं आता मारते. तू सरळ पाण्यात उतरलीस, माझ्या शेजारी चढलीस, दोर धरलास, दोघांनी अंग मागं टाकलं आणि उठली की ती बाई! डोलकाठीवरनं पाणी गाळत, एवढं मोठं शीड पक्ष्यागत झाडत उठली. मग तू पोत्याकडं बघितलंस आणि मासेवाल्याला म्हणालीस, "दादा, माझ्या सवतीला बी घ्या वर."

भात भिजलेलं. दुसरी बाई असती तर रडली असती. तू ते पाटीत निथळत ठेवलंस, सकाळी कढईत भाजलंस, उखळात घातलंस आणि मुसळ माझ्या हातात दिलंस. अख्ख्या पोत्याचे पोहे कांडले मी. हाताला फोड आले. जो येईल त्याला तू पोहे द्यायचीस आणि सांगायचीस, "खावा, ह्यांच्या नव्या बायकुच्या हातचं हायेत." थोडा शेवाळाचा वास होता. आख्खा उन्हाळा खाल्ले. पुढं कधीबी मी तिरपं बोललो की तू फक्त विचारायचीस, "पोहे करू का?" आणि मी गप.

आता दुसऱ्यांदा पालथं झालो ते सांगतो. तेच आपलं भांडण.

वैशाखातला वारा होता, दुपार टळल्यावरचा. तू तारेवर होतीस. काळा पट्टा आला, तू ओरडलीस, मी या खेपेला दोर सोडलासुद्धा, पण उशीर झाला. खालच्या होडीचं नाक पाण्यात रुतलं आणि सगळी होडी कोलांटी मारल्यागत पुढं गेली. तू तारेला लटकून गर्रकन् फिरलीस, पुढं कुठंतरी फेकली गेलीस. मी शिडाखाली. वर शीड, खाली पाणी, मधे मी, जाकीट मला वर दाबतंय आणि वर वाटच नाही. तोंड शिडाला चिकटलेलं, श्वास घेतला की पाणी. दोर पायात. त्या अंधाऱ्या हिरव्या पाण्यात मला हाक ऐकू आली. "सोपानऽऽ!" एकदा. परत एकदा. "सोपानऽ, हिकडं!"

हाकेकडं गेलो. हाक ज्या अंगाला होती त्या अंगाला शिडाची कड होती. तू कड उचलून धरली होतीस. माझ्या केसाला धरून बाहेर काढलंस. मी खोकत होतो, तू रडत होतीस आणि मला मारत होतीस, तिन्ही एकदम.

होडी सरळ केली, काठाला आलो. तिथं मी म्हणालो, "नाव घेतलंस तू माझं."

"मी? कवा?"

"आत्ता. पाण्यात. दोनदा."

"पानी गेलं आसंल तुमच्या कानात."

तिथनं शेवटपर्यंत तू कबूल केलं नाहीस. मी पाव्हण्यारावळ्यांत सांगायचो, तू म्हणायचीस, "म्हाताऱ्याला भास व्हत्यात." दिलीपच्या लग्नात उखाणा घ्यायचा आग्रह झाला तर तू सरळ उठून गेलीस. मला एवढंच पाहिजे होतं की तू एकदा व्हय म्हणावं. त्या हाकेवर मी बाहेर आलो गं. दुसऱ्या कुणाच्या हाकेवर आलो नसतो.

मग तुझं दुखणं आलं. तळेगावच्या दवाखान्यात काय काय सांगितलं ते माझ्या डोक्यात राहिलं नाही, दिलीपच्या आहे. मला दिसत होतं ते एवढंच की तू कमी होत चाललीस. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. पुढच्या हंगामात काठावर उभी राहून तू होडीकडं बघितलंस आणि म्हणालीस, "आता माझा काय उपेग. पोत्याएवढी बी न्हाई ऱ्हायले." मी म्हणालो, पोहे करू का? आपण दोघं हसलो. हसून आत गेलीस आणि दार लावून घेतलंस. तुझं रडणं मला ऐकू आलं होतं.

शेवटी शेवटी म्हणालीस, मला व्हडीवर बसवा. होडी काठावर, सुकल्या गवतात. मी तुला उचललं. मला उचलता येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून मी नेटानं उचलायला गेलो आणि तू एकदम वर आलीस. हाताला काही लागलंच नाही. जिच्या वजनानं ती धूड होडी सरळ व्हायची, ती बाई सुपातल्या फोलकटागत. माझं तोंड तुला दिसू नये म्हणून मी डोलकाठीकडं बघत चाललो.

जाळीवर निजलीस, वारं खाल्लंस. मग म्हणालीस, "माझ्या माघारी एकट्यानं पान्यावर जायचं न्हाई. कबूल करा."

मी म्हणालो, "वारं वाढलंय, चल घरात."

"वाऱ्याचं मला सांगू नका. कबूल करा."

"तू आधी कबूल कर. नाव घेतलंस का न्हाई?"

तू हसलीस, खोकला आला, पाणी पाजलं. "न्हाई घेतलं," म्हणालीस. मग मीबी कबूल केलं नाही. पुढं खाटेवरनं विचारलंस तवा मी ताक आणायला उठलो. परत विचारलंस तवा झोपेचं सोंग घेतलं. तुला ते सोंग कळलं, कारण तू माझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलंस.

आता खरं सांगतो, पिंडापुढं सांगता आलं नाही ते. तुला ठाऊक होतं मी एकटा कशाला जाईन. चांगला वारा बघून जाईन, तुंगाच्या बाजूनं काळा पट्टा आला की दोर सोडणार नाही. होडी पालथी होईल, आणि मी एकटा ती सरळ करू शकत नाही. करायला बघणारबी नाही. तू हे ओळखलं होतंस. मी म्हणालो नव्हतो, पण ओळखलं होतंस. वारं तुला आधीच कळायचं. म्हणून मी गप्प बसलो. ते एक दार मला उघडं ठेवायचं होतं.

दहावं आटपून घरी आलो. दिलीप म्हणत होता, होडी तंबूवाल्यांना देऊ, पोरंपोरी फोटो काढतात. दुपारी होडीपाशी गेलो. वारं चांगलं होतं. डोलकाठीवर दोर टणटण वाजत होता, तो वाजला की तू चुलीवरनं विचारायचीस, "काय म्हनतीया?" मी ढकलायला हातबी लावला. गवतातनं ती दोघांशिवाय हलत नाही. तसूभरबी हलली नाही. खांदा लावून उभा राहिलो, श्वास लागला, आणि मला हसू आलं. तू गेलीस तरी तिला धरून बसलीयस म्हणायची.

तेवढ्यात मंगल आली. डोक्यावरचा पदर सावरत लांब उभी राहिली, मी ढकलत होतो ते तिनं बघितलं होतं. हातात ताटली होती. म्हणाली, "मामंजी, सकाळधरनं तुमच्या पोटात काय न्हाई. पोहे केल्यात."

मी ताटली घेतली. मंगलला म्हणालो, तू हो पुढं, आलोच. ती गेली नाही. वळून पाठ करून उभी राहिली, चार पावलांवर.

मी निम्मे पोहे जाळीवर ठेवले, तू बसायचीस त्या काठाला. आणि तिथंच, जमिनीवर, पायाखाली कोरडं गवत असताना, मोठ्यानं हाक मारली. हौसाऽ! काठावरच्या म्हशींनी माना वर केल्या. मंगल दचकली असंल. मी म्हणालो, ऐक. न्हाई जायचो एकटा. तू नाव घेतलंस का न्हाई ते तुझ्यापाशी राहू दे, मी ऐकलंय, मला पुरतं. पण मी कबूल करतो. एकटा जाणार न्हाई, म्हंजे आता कवाच जाणार न्हाई, ते तुलाबी कळतंय. झालं समाधान? आता जेव.

मग उरलेले पोहे खात खात मंगलच्या मागनं घराकडं आलो. कावळा उतरला का नाही ते ठाऊक नाही. घास ठेवल्यावर मागं वळून बघायचं नसतं.